नाका सांगायचा की नाही

न्यूटन जन्मला त्याच वर्षी कोणता शास्त्रज्ञ वारला? सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास भेटणारा प्रश्न. उत्तर गॅलिलिओ, साल १६४२. चिखलोलीत राहणारे एक निवृत्त इतिहास-शिक्षक अंबरनाथ-बदलापूरच्या शाळांसाठी आणि गणेशोत्सव मंडळांसाठी प्रश्नमंजूषा काढतात. त्यांना हा प्रश्न डोळ्यांसमोर नको असतो. गॅलिलिओ इटलीत वारला, तिथे ग्रेगोरियन कॅलेंडर होतं. इंग्लंडात १७५२पर्यंत जुनं ज्युलियन चाललं. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा जन्मदिवस गॅलिलिओच्या कॅलेंडरवर ४ जानेवारी १६४३ भरतो. ‘तेव्हाच्या इंग्लिश कॅलेंडरनुसार’ अशी पुस्ती जोडावी, तर इथे काहीतरी भानगड आहे हे मुलांना लगेच कळतं.

सरांचं दुखणं इथेच आहे. शब्द वाढवले की उत्तर गळतं, छाटले की दुसरं उत्तर आत घुसतं.

दुसरं महायुद्ध केव्हा सुरू झालं? पाठ्यपुस्तक सांगतं १ सप्टेंबर १९३९. चीनच्या बाजूने मोजणारा ७ जुलै १९३७ म्हणेल, आणि त्याला गप्प बसवता येत नाही. ‘युरोपात’ हा शब्द घातला की वाद मिटतो, पण प्रश्न मुळमुळीत होतो. शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं, हे तर विचारूच नये. १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं, हे ठाऊक नसलेलं पोरही ‘शंभर नाही’ एवढं ओळखतंच. आणि शेजारच्या उल्हासनगरातल्या वस्त्यांना ‘कॅम्प’ का म्हणतात? महायुद्धातल्या लष्करी छावणीमुळे, की फाळणीनंतर तिथेच उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीमुळे? दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतात, आणि सरांना ते सोसत नाही.

हे दुखणं जुनंच. ते चिघळलं एका दहावीतल्या मुलीमुळे. इतिहासात ती बेताचीच, तरी स्पर्धेत पहिली येई. कसं, असं विचारल्यावर तिने सरळ सांगितलं, “सर, मी प्रश्न नाही, तुम्हाला वाचते. नेपोलियनला कुठल्या बेटावर ठेवलं, असं तुम्ही साधं विचारलंत तर सेंट हेलेना. ‘प्रथम’ म्हणालात की एल्बा. आणि सोपं उत्तर तुम्हाला आवडतच नाही.”

तेव्हापासून सर स्वतःचे जुने कागद परक्याचे असल्यासारखे तपासतात. ‘प्रथम’, ‘प्रत्यक्षात’, ‘आश्चर्य म्हणजे’ यांवर लाल रेघ मारतात. तरी खरं सांगायचं तर त्या मुलीने आपल्याला इतकं बारकाईने वाचलं, याचा त्यांना रागापेक्षा आनंदच जास्त झाला. प्रश्न ऐकून सभागृह क्षणभर गप्प होतं, त्या गप्पपणावर त्यांचा जीव आहे. उत्तर कोणाला आलं नाही तर ते हळहळल्यासारखं दाखवतात, एवढंच.

इतर प्रश्नकर्त्यांबद्दल ते फार उदार नाहीत. २०००मध्ये हर्षवर्धन नवाथे ‘कौन बनेगा करोडपती’त कोटी रुपये जिंकले आणि गल्लोगल्लीच्या मंडळांना चार पर्यायांची चटक लागली. पर्याय दिले की आळशी प्रश्नही खपतो, असं सरांचं मत. हे थोडं अन्यायाचं आहे. चार पर्यायांतले तीन चुकीचे पण पटण्यासारखे शोधणं हेही कसबच. सर मान्य करत नाहीत.

सध्या त्यांना एकाच प्रश्नाने पछाडलं आहे. स्वीडनचा काड्यापेटी-सम्राट ईव्हार क्रॉयगर देशोदेशीच्या सरकारांना कर्ज देई आणि बदल्यात मक्तेदारी घेई. १९२९ साली जर्मनीशी साडेबारा कोटी डॉलरचं कर्ज ठरलं. १९३२मध्ये क्रॉयगर पॅरिसमध्ये गोळी लागून मेला, पण जर्मनीतली ती मक्तेदारी १९८३पर्यंत टिकली. त्याच्याच स्वीडिश कंपनीच्या भारतीय शाखेचा, विमकोचा, कारखाना अंबरनाथला होता. नाक्याचं नाव अजून तेच आहे. तर प्रश्न असा: कर्जाच्या बदल्यात जर्मनीने स्वीडिश कंपनीला कोणत्या वस्तूची मक्तेदारी दिली?

नुसता असा विचारला तर कोणालाच येत नाही. ‘खूण विमको नाक्यावर आहे’ एवढं जोडलं की अंबरनाथची चौथीतली पोरंही ‘माचिस!’ ओरडतात. डोंबिवलीच्या शाळेत तर नाका सांगून उपयोग नाही, आणि न सांगूनही. पुढची स्पर्धा डोंबिवलीलाच आहे.