ढेप बसायला हवी

माझं आजोळ करवीर तालुक्यातलं. मामांचं गुऱ्हाळ सुरू झालं की मी काहिलीपासून हलायचो नाही. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळून बघायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. मला वाटे, आता उतरवायला काय हरकत आहे? मामा म्हणायचे, “लवकर उतरवली तरी गूळ गोडच लागतो रे. पण ढेप बसत नाही.”

पुढे पोर्तुगालमध्ये, दोरो नदीच्या डोंगराळ खोऱ्यात पोर्ट वाइन करायला लागलो, तेव्हा हे वाक्य मला नव्याने शिकावं लागलं.

पोर्ट हे नाव आपल्याला गोव्यामुळे ओळखीचं. मूळ पोर्ट याच खोऱ्यातली. 1756 साली पोंबालच्या मार्किसने या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या. पोर्टमध्ये वरून साखर घालत नाहीत. रस आंबत असताना, अर्धीअधिक साखर शिल्लक असतानाच, द्राक्षांपासूनच काढलेलं 77 टक्क्यांचं स्पिरिट त्यात ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणजे गोडी आपण करत नाही, ती द्राक्षातच असते.

आमची बाग उभ्या उतारावर आहे. माती अशी नाहीच. शिस्ट खडकाचे पापुद्रे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दगडी ताली. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. मुळं खडकाच्या भेगांतून पाणी शोधत खोल जातात. तासगावच्या आमच्या द्राक्षबागेत वडील मणी फुगावा म्हणून घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे. टपोरा मणी, पातळ साल, वर भाव. इथे तुरिगा नासिओनाल या जातीचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. वडिलांनी असा घड बाजारात नेलाच नसता. पण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त.

इथेच खरी अडचण सुरू होते. साधी लाल वाइन आठवडा-दोन आठवडे सालींवर राहते. पोर्टला मिळतात जेमतेम दोन-तीन दिवस. एवढ्या वेळात सालीतलं सगळं रसात उतरवायचं, म्हणून पाय. लगार म्हणजे ग्रॅनाइटची उथळ, रुंद टाकी. संध्याकाळी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत उतरतात. मुकादम मोजत राहतो आणि रांग पाऊल-पाऊल पुढे सरकते. मांडीपर्यंत चोथा, सुरुवातीला थंडगार, आंबू लागला की कोमट. दोनेक तासांनी रांग मोडते, अ‍ॅकॉर्डियन वाजू लागतो आणि ज्याला जसं जमेल तसा तो तुडवतो. तळवा साल चिरडतो, पण बी फोडत नाही. बी फुटली तर कडवटपणा उतरतो.

मग हिशोब. रसात 6 टक्के अल्कोहोल तयार झालंय आणि वाइन 20 टक्क्यांची हवी आहे, तर 57 भाग रसाला 14 भाग स्पिरिट, साधारण चारास एक. इथलं जुनं माप म्हणजे 435 लिटर रसाला 115 लिटर स्पिरिट. मिळून 550 लिटरचं एक पिंप. पण कागदावर न दिसणारी गोष्ट अशी की, रस उपसायला लागल्यावरही आंबत असतो. म्हणून हवा तो आकडा येण्याआधीच तोटी उघडावी लागते, जशी काहील विस्तवावरून उतरल्यावरही पाक शिजत राहतो.

हा निर्णय पहिल्यांदा एकट्याने घेतला त्या वर्षी मी घाबरलो. उशीर झाला तर गोडी जाईल, या धास्तीने दुसऱ्याच दिवशी सकाळी तोटी उघडली. रसाचं स्वतःचं अल्कोहोल तेव्हा जेमतेम 4 टक्के, त्यामुळे स्पिरिटही जास्त लागलं. बागेच्या मालकीणबाईंनी पेला उजेडाला धरला. त्यातून त्यांची बोटं दिसत होती. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “द्राक्षं फार गोड होती हो यंदा.” वाइनबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी गोडीची काळजी करणं सोडलं. हायड्रोमीटर बघतोच, पण त्याआधी रस पांढऱ्या बशीत ओततो आणि बशी कलती करतो. रस ओघळल्यावर मागे जांभळा डाग राहिला पाहिजे, आणि चाखल्यावर हिरड्या आवळल्या पाहिजेत. तो रंग आणि तो तुरटपणा हीच या वाइनची हाडं. ती असतील तर गोडीला वर्षानुवर्षं आधार मिळतो. नसतील तर लाकडात कितीही मुरवा, पिंपातलं काळाबरोबर उणं होत जातं, नवं काही उभं राहत नाही.

त्या वर्षीचं पिंप मी विकू दिलं नाही. दर मार्चमध्ये त्यातलं घोटभर चाखतो. अजून गोड आहे. ढेप बसलेली नाही.