कानाच्या टोकाचा थेंब

कुत्रे जेवेनासे झाले, की घरोघर निदान तयार असते: उष्णता झाली, नाहीतर कुणीतरी काहीतरी खायला घातले. आमच्या वाघ्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तेव्हा गल्लीने विषप्रयोगच ठरवून टाकला.

जनावरांच्या डॉक्टरांनी पायाच्या शिरेतले रक्त तपासले. काचपट्टीवर काही दिसले नाही. त्यांचे समाधान होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानाच्या टोकाला सुई टोचली आणि पहिलाच थेंब काचेवर ओढला. बारीक केशवाहिन्यांतल्या रक्तात हे परजीवी सापडण्याचा संभव अधिक, म्हणून ही खटपट. जिम्सा रंग देऊन पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "सिक्तु नोड!" म्हणत ते बाजूला सरले. तांबड्या पेशींच्या पोटात इवल्याशा जांभळ्या कड्या! बॅबेशिया गिब्सोनी. गोचिडीच्या चाव्यातून शिरणारा हा जीव पॅटन यांनी १९१० साली वर्णिला, तोही मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पाहून. म्हणजे पाहुणा इथलाच. नाव तेवढे साहेबी.

जात ओळखणे महत्त्वाचे, कारण मोठ्या बॅबेशियावर चालणारे इंजेक्शन या लहानग्यावर नीट लागू पडत नाही. वाघ्याला मलेरियावरचे एक औषध आणि अझिथ्रोमायसिन मिळून दहा दिवस दिले. आठव्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली. पण काच कोरी निघाली तरी रोग गेलाच असे नव्हे. जंतू थोडे असले की नजरेतून निसटतात, ते पीसीआर चाचणीत पकडावे लागतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा कान टोचायचा आहे. दवाखान्याची पायरी दिसली, की वाघ्या आताच कान पाडतो.