नऊ कोटींची गाडीही बंद पडते

आठवी-नववीच्या मुलांना निबंधासाठी 'माझे स्वप्न' हा विषय दिला की निम्म्या वह्यांत एक गाडी हमखास येऊन उभी राहते. तीही साधीसुधी नाही. लॅम्बोर्गिनी, नाहीतर फेरारी. ज्या मुलाला 'आशीर्वाद' धड लिहिता येत नाही तो 'लॅम्बोर्गिनी' बिनचूक लिहितो! आम्ही विचारतो, "बाबा रे, हीच गाडी का?" उत्तर ठरलेले असते, "सर, एवढ्या पैशांची गाडी कधी बिघडत नसते."

वेगाची हौस त्या वयात असतेच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण किंमत जास्त म्हणजे माल टिकाऊ, ही समजूत मोठ्या माणसांचीही आहे आणि आपल्या घरांत ती फार महाग पडते.

ऑक्टोबर 2024 मधली गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. रेमंड समूहाचे गौतम सिंघानिया लॅम्बोर्गिनीची रेव्युएल्टो ही नवी कोरी गाडी घेऊन मुंबईच्या अटल सेतूवर गेले आणि गाडीची सारी वीजयंत्रणा बंद पडून तिथेच अडकले. रेमंड आपल्या वऱ्हाडाला परके नाही. लग्नाच्या सुटाचे कापड राहू द्या, यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत त्यांच्या डेनिमचा कारखाना आहे आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठेत लिननचा. सिंघानिया स्वतः शर्यतीत गाडी चालवणारे, सुपर कार क्लब काढणारे. त्यांना गाडी चालवता आली नाही असे कोणी म्हणणार नाही. गाडीची किंमत एक्स-शोरूम 8 कोटी 89 लाख रुपये. बारा सिलिंडरचे इंजिन, जोडीला तीन विजेच्या मोटारी, हजारावर अश्वशक्ती. अशी गाडी समुद्रावरच्या पुलावर एखाद्या जुन्या ऑटोसारखी उभी राहिली. त्यांनी ते समाजमाध्यमावर उघड लिहिले आणि कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी साधी विचारपूसही केली नाही, असा रागही व्यक्त केला.

गंमत अशी की लॅम्बोर्गिनी कंपनीचा जन्मच एका न ऐकलेल्या तक्रारीतून झाला, असा किस्सा सांगितला जातो. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे इटलीतले ट्रॅक्टर बनवणारे गृहस्थ. त्यांच्या फेरारीचा क्लच सारखा त्रास देई. ते थेट एन्झो फेरारी यांच्याकडे गेले, तर ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला गाड्या शिकवू नयेत, अशा अर्थाचे ऐकून परतावे लागले. त्या रागातून 1963 मध्ये त्यांनी स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला. किस्सा किती खरा, किती रंगवलेला, हे अल्लाह जाणे. कंपनी ट्रॅक्टरवाल्याने काढली एवढे मात्र पक्के आहे. आमच्या वर्गात हे सांगितले की शेतकऱ्यांची पोरे ताठ बसतात.

आता प्रश्न असा की इतका पैसा ओतून बिघाड का? आमच्या समजुतीप्रमाणे मोठे कारण आहे संख्या. लॅम्बोर्गिनीने 2023 साली साऱ्या जगात मिळून 10,112 गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या आणि तो त्यांचा तोवरचा विक्रम होता. आपली मारुती वर्षाला वीस लाखांवर गाड्या विकते. म्हणजे लॅम्बोर्गिनीचे वर्षभराचे काम मारुतीच्या जेमतेम दोन दिवसांचे. ज्या गाड्या लाखांनी विकल्या जातात त्यांच्यातली खोट कुठल्या ना कुठल्या गावात, कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात लवकर उघडी पडते आणि पुढच्या गाड्यांत ती दुरुस्त होते. थोड्या गाड्या बनवणाऱ्याला ही शिकवणी मिळतच नाही. त्याचे पहिले ग्राहकच त्याचे परीक्षक. दुसरे असे की या गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात. पावसाळाभर बंद ठेवलेला विहिरीवरचा पंप पहिल्या दिवशी काय करतो, ते आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे. इथेही तेच, म्हणून अशा गाड्यांच्या बॅटरीला घरी सतत जोडून ठेवायचा चार्जर असतो. आणि त्यांच्यात यंत्रे इतकी दाटीने बसवलेली, की उष्णतेला बाहेर पडायला जागा अपुरी.

उष्णतेवरून आठवले. 2010 मध्ये फेरारीने 458 इटालिया ही गाडी परत बोलावली. काही गाड्यांना आगी लागल्या होत्या. कारण निघाले चाकावरच्या कमानीतला चिकटपदार्थ! उष्णतारोधक पत्रा ज्या गोंदाने चिकटवला होता तो तापून पेट घेऊ शकत होता. मग गोंद काढून तिथे पक्के जोड बसवले. 2014 मध्ये पोर्शेने 911 जीटी3 च्या 785 गाड्यांच्या मालकांना गाडी चालवूच नका असे कळवले. इंजिनातला एक स्क्रूचा जोड सैल होऊन आग लागत होती. पोर्शेने त्या सर्व गाड्यांची इंजिने बदलून दिली. एक स्क्रू आणि थोडा गोंद! आपल्याकडचे मिस्त्री उगाच म्हणत नाहीत, "सर, बडी चीज़ नहीं बिगड़ती, छोटी चीज़ बड़ी को ले डूबती है."

चूक सगळ्यांच्या हातून होते, पण या दोन कंपन्यांनी ती मान्य केली. आपल्याकडेही 1 एप्रिल 2021 पासून सदोष वाहने परत बोलावण्याचा नियम लागू झाला आहे. पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला तसे करायला लावू शकते. त्यासाठी तक्रार मात्र नोंदवलेली हवी. चौकात उभे राहून कंपनीला शिव्या दिल्याने ती मोजली जात नाही.

'ऐब' हा शब्द आपण माणसांसाठी फार वापरतो. व्यापारातही तो तितकाच जुना आहे. फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून ग्राहकाचा हक्क सांगितला आहे: विकताना लपून राहिलेली खोट नंतर उघडी पडली तर माल परत करता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 वाचताना आम्हाला हा शब्द वारंवार आठवला. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. म्हणजे रेव्युएल्टोवाल्याला दिल्ली गाठावी लागेल. आपले काम अमरावतीत किंवा अकोल्यातच होते. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

वेळ लागतो, हे खोटे कशाला सांगा. एका कंपनीने आपल्या संचालकांसाठी 2003 च्या सुमारास मर्सिडीज घेतली. गाडीच्या मधल्या उंचवट्याजवळ असह्य उष्णता येई. प्रकरण राष्ट्रीय आयोगातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 2024 मध्ये 36 लाख रुपये परत करण्याचा आदेश झाला. वीस वर्षांहून जास्त! पैसेवाले होते म्हणून टिकले.

आमचा अकोल्याचा भाचा पैसेवाला नाही. डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. गेल्या वर्षी त्याने सव्वादोन लाखांची स्पोर्ट्स मोटारसायकल छत्तीस हप्त्यांवर घेतली. आमच्या बहिणीने नको म्हटले होते, पण सगळे मित्र तसल्याच गाडीवर फिरतात. अमरावती-अकोला रस्ता आता असा झाला आहे की मोह होतो. 2022 च्या जूनमध्ये याच रस्त्यावर सलग 75 किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. एप्रिल लागला, पारा चढला आणि गाडी बोरगाव मंजूच्या पुढे चालता चालता बंद पडू लागली. समोरचा पडदा काळा, इंजिन गप्प. अर्ध्या तासाने आपोआप सुरू. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने पाहून सांगितले, "इंजन ठीक है, इसका दिमाग़ ख़राब है." शोरूमवाले दर वेळी गाडी धुऊन परत देत, "चेक केले, ओके आहे."

तो चौथ्यांदा गेला तेव्हा आम्ही सोबत गेलो. आधीच्या तीन खेपांची एकही जॉब कार्ड त्याच्याकडे नव्हती. "मामू, ते म्हणाले कागदाची गरज नाही." गरज कशी नाही? आम्ही काउंटरवर बसून 'चालू गाडी बंद पडते, पडदा जातो' हे शब्द जसेच्या तसे कार्डावर लिहून घेतले, तारीख आणि किलोमीटरसह. मॅनेजर 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' लिहीत होता. ते खोडायला लावले. बंद पडलेल्या गाडीचा व्हिडिओ भाच्याने मोबाइलवर घेऊन ठेवलाच होता. मग 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचे उत्तर आले, गाडीत दोष आढळला नाही. त्यानंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस, आणि शेवटी अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो, हे लक्षात ठेवा. अर्ज मराठीत, आमच्याच हाताने लिहिलेला, सोबत हप्त्यांच्या पावत्या, वॉरंटीचे पुस्तक, जॉब कार्ड.

नोटीस पोहोचल्यावर शोरूममधून फोन आला. वायरिंगचा पूर्ण संच फुकट बदलून देतो, अर्ज मागे घ्या. भाचा लगेच तयार होता. बहीण म्हणाली, "पहले लिख के दो." त्यांनी अजून लिहून दिलेले नाही. पुढची तारीख चौदाची आहे, आणि त्याच आठवड्यात पंधरावा हप्ताही जायचा आहे.