समोरासमोरची बाकं

गणपतीच्या दोन दिवस आधी, पहाटे चारला दारात भाड्याची सुमो येऊन थांबली की आमच्या पिढीचं गावाला जाणं सुरू व्हायचं. पुण्याहून कराड, पाटण, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाडी कागदावर दहा माणसांची, बसायचो चौदा. आता त्याच दारात धाकट्या भावाची इनोव्हा हायक्रॉस येते. गाडी सात माणसांची, बसतो सहा.

तेव्हा अर्धा तास कॅरियरवरच जायचा. ड्रायव्हरकाका वर चढायचे, बाबा खालून बॅगा द्यायचे. जड खाली, हलकं वर, मखराचं थर्माकोल सगळ्यात शेवटी, त्यावर ताडपत्री. दोरीची शेवटची गाठ आजोबा स्वतः ओढून बघायचे. मग चाकांखाली लिंबं, नारळ वाढवणं, बोनेटवर त्याचं पाणी, आणि मोरयाचा गजर. सैल राहिलेलं ताडपत्रीचं टोक साताऱ्यापर्यंत डोक्यावर फडफडत राहायचं.

आता मागचं दार बटण दाबलं की आपोआप वर जातं. चार बॅगा ठेवल्या की झालं.

सुमो 1994 साली आली, आपल्या पुण्यातल्या टेल्कोची. नाव ऐकून आम्हाला जपानी पैलवान आठवायचे. ते टेल्कोचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातलं ‘सु’ आणि आडनावातल्या ‘मु’चं झालेलं ‘मो’ होतं, हे पुष्कळ उशिरा कळलं. ट्रकसारखी वेगळी चासी, त्यावर बसवलेली चौकोनी बॉडी, मागे पाटे. खड्ड्यांना ती दाद द्यायची नाही. तो मान आमच्या पाठींचा. हायक्रॉसला वेगळी चासीच नाही, सगळा सांगाडा मिळून भार उचलतो. म्हणून ती वळणावर फारशी कलत नाही आणि आत चढताना आईला कोणाचा हात धरावा लागत नाही. मागच्या रांगेतही छतातून गार हवा येते. पहिल्या दिवशी आई सीटवरून हात फिरवत म्हणाली, “अगं, तुझ्या आजीला यात बसवायला हवं होतं.”

पण आमचं खरं घर होतं ते मागच्या दोन आडव्या बाकांवर. पोरं इकडे तीन, तिकडे तीन, गुडघ्यांत गुडघे अडकलेले. बघायला समोरच्याचा चेहराच. खंबाटकीत कोणाचा रंग उतरायला लागला की आधी समोरच्याला कळायचं. मग मधल्या सीटवरून काकूचा हात मागे यायचा, मुठीत आवळासुपारी नाहीतर लिंबाची फोड. भेंड्या, भांडणं, दशम्यांचे तुकडे, सगळं त्या दीड हाताच्या जागेत. माझ्या आतेबहिणीने दहावीनंतर सायन्स घेणार नाही हे पहिल्यांदा तिथे सांगितलं, पाटणच्या अलीकडे, आणि चिपळूण येईपर्यंत आम्ही पाचही जणांनी ते पोटात ठेवलं.

त्या बाकांना पट्टा नव्हता. एका वर्षी घाटात म्हैस आडवी आली, ब्रेक लागला आणि चुलतभावाचं कपाळ समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. तीन टाके पडले. चूक आमची, दहाच्या जागी चौदा कोंबल्याची; चौदाजणांत कोणालाही ती चूक वाटली नव्हती, याची आज भीती वाटते. आता सगळ्या सीटा पुढे तोंड करून आहेत, प्रत्येकाला पट्टा आहे, आणि तो लावला नाही तर गाडी टुकटुक करत राहते. माझ्या लेकीला मी त्या जुन्या बाकावर पाच मिनिटंही बसू देणार नाही.

तरी मागच्या रांगेतून तिला दिसतात ती सगळ्यांची डोकी. तिला मळमळलं तर ते मला आरशात दिसतं, तेही मी बघितलं तर.

यंदा हेळवाकच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी, भावाने गाडी कडेला घेतली. मागचं दार वर गेलं. आई आणि लेक डिकीच्या काठावर पाय सोडून बसल्या, आम्ही चौघं त्यांच्यासमोर पावसाळी गवतात उभे राहिलो. आईने दशम्यांचा डबा उघडला. लेकीचा चेहरा पाहिला, डबा तसाच मांडीवर ठेवला आणि पदराच्या गाठीतली आवळासुपारी सोडायला लागली.