पोर्तो रिको : चिंब, कोरडं आणि निळं

लाँग वीकेंड, आम्ही सहा टाळकी आणि भाड्याची एक व्हॅन. पोर्तो रिको निवडायचं कारण एकदम रोमँटिक: अमेरिकेतून जायला वेगळा व्हिसा लागत नाही!

एल युंकेच्या जंगलात चिंब भिजलो. दुसऱ्या दिवशी नैऋत्येला ग्वानिकाला गेलो, तर निवडुंग आणि खुरटी झाडं. ईशान्येचे वारे सगळा पाऊस डोंगरावरच सांडून मोकळे होतात. महाबळेश्वर-फलटण म्हणा ना.

पण डोक्यात राहिलंय ते शेजारचं छोटं व्हिएकेस बेट. तिथल्या मॉस्किटो बेमध्ये अमावास्येच्या रात्री वल्हं मारलं की पाणी निळं पेटतं. सूक्ष्म जीवांची करामत. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही, आमच्या ग्रुपसाठी हा विक्रमच! मग तिथल्याच गाईडने पूर्वेकडे हात केला. तिकडे अमेरिकन नौदल कित्येक दशकं बाँबफेकीचा सराव करायचं. १९९९ मध्ये चुकलेल्या बाँबने डेव्हिड सानेस हा सुरक्षारक्षक गेला, लोक पेटले आणि २००३ मध्ये सराव थांबला. आता तिथे अभयारण्य आहे. न फुटलेल्या बाँबमुळे काही भाग मात्र अजून बंद.

आणि ही माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक! फक्त बेटावर राहून राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. आम्ही सगळे ग्रीन कार्डच्या रांगेतले, नागरिकत्व मिळालं की गंगेत घोडं न्हालं असं समजणारे. परतीच्या फेरीत अभ्या म्हणाला, "म्हणजे पासपोर्ट तोच, पण..."

पुढे त्याला शब्द सापडेना. आम्हालाही.