पाटीवरचे ‘श्री’

वाचकहो, आपल्या घरातील एखादे वडीलधारे माणूस विसरू लागले असेल, तर एक प्रसंग आपल्या परिचयाचा असेल. दिवे लागायची वेळ होते आणि ते माणूस अस्वस्थ होऊ लागते. कुणाला गावी जायचे असते, कुणाला गुरे बांधायची असतात. माझ्या वडिलांना, अप्पांना, शाळेत जायचे असते. ते बेचाळीस वर्षांचा संसार आणि जवळजवळ तेवढीच नोकरी केलेले प्राथमिक शिक्षक. निवृत्त होऊन वीसाहून अधिक वर्षे लोटली आहेत. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यापासून संध्याकाळी ते छत्री काखेत धरून दारात उभे राहतात. मी डॉक्टर, आजाराचे स्वरूप मला ठाऊक. तरीही दोन वर्षे मी त्यांना रोज एकच उत्तर देत आले : “अप्पा, शाळा संपली. तुम्ही निवृत्त झालात.” रोज ती बातमी त्यांना नवी असे आणि रोज त्यांचा चेहरा तितकाच उतरे.

हे उत्तर बदलायला मला एका संग्रहालयाने शिकवले. त्या स्थळाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवते.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलला राहतो. आजार सौम्य अवस्थेत असतानाच अप्पांना एकदा तिकडे न्यावे, असे आम्ही ठरवले. न्यूकॅसलहून मोटारीने साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर, डरहॅम परगण्यात, बीमिश नावाचे खुले संग्रहालय आहे. ‘संग्रहालय’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी येते. बीमिशला तसे नाही. तेथे एक अख्खे गाव, खाणकामगारांची वस्ती, शेतवाडी आणि विसाव्या शतकाच्या मध्याचा एक रस्ता उभा आहे. ठिकठिकाणी पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारती दगड-विटांसह उतरवून येथे पुन्हा रचल्या आहेत. त्या काळचे पोशाख केलेली माणसे दुकानात माल दाखवतात, चुलीवर रांधतात, जुन्या ट्राम हाकतात.

अशा संग्रहालयांची परंपरा स्कॅन्डिनेव्हियातली. स्टॉकहोमचे स्कान्सेन हे खुले संग्रहालय १८९१ मध्ये आर्टुर हाझेलियस यांनी सुरू केले. फ्रँक अ‍ॅटकिन्सन नावाच्या इंग्रज संग्रहालय-अभ्यासकाने १९५०च्या दशकाच्या आरंभी तिकडची संग्रहालये पाहिली. आपल्या भागातील कोळशाच्या खाणी, गिरण्या आणि त्यांच्या भोवतीचे साधे जीवन नाहीसे होण्याआधी जपावे, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यांचे धोरण विलक्षण होते : लोक जे देतील ते घ्यायचे, निवड करत बसायचे नाही. त्यामुळे राजेरजवाड्यांच्या तलवारींऐवजी घरोघरचे तवे, शिवणयंत्रे, औषधांच्या बाटल्या जमत गेल्या. त्यातून १९७० मध्ये बीमिश उभे राहिले.

आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. परिसर मोठा, साडेतीनशे एकरांच्या आसपास. पण ट्राम आणि जुन्या बसगाड्या सतत फिरत असतात. तरीही चाकांची खुर्ची आम्ही बरोबर ठेवली होती, आणि काही ठिकाणच्या खडबडीत फरशीवर ती ढकलताना भावाचा घाम निघाला. आपण जाणार असाल तर हे लक्षात ठेवावे.

पहिला थांबा १९००च्या सुमाराच्या गावाचा. तेथे एका दंतवैद्याचे घर आहे. लाकडी खुर्ची, पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र आणि चिमटे पाहून माझ्यातील डॉक्टर खिळून राहिली. पोशाख केलेल्या गृहस्थांनी सांगितले की, त्या काळी या भागात लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देणे ही भेट मानली जाई. पुढच्या दुखण्याचा आणि खर्चाचा भार नवऱ्यावर नको, हा हेतू. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या गरीब घरात दातदुखीचा अर्थ काय होता, हे त्या खुर्चीने मला जितके समजावले, तितके पुस्तकांनी कधी समजावले नव्हते.

शेजारी सहकारी भांडार. अ‍ॅनफील्ड प्लेन या गावातून ते येथे आणले आहे. येथे खरेदी करणाऱ्या प्रत्येक सभासदाचा एक क्रमांक असे आणि वर्षाच्या नफ्यातील वाटा त्या क्रमांकावर जमा होई. फळीमागच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत टिपून घेतली. कितीतरी वृद्ध अभ्यागत आत शिरताच आपल्या आईचा सभासद-क्रमांक घडाघडा म्हणतात. लहानपणी आईने दुकानात धाडले की तो सांगावा लागे.

याचे कारण वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. अल्झायमरच्या आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते. नवी आठवण रुजवण्याचे काम मुख्यतः त्याचे. म्हणून सकाळचा नाश्ता विसरला जातो. बालपण आणि तारुण्यातील आठवणी त्या मानाने पुष्कळ काळ टिकतात. हातांना जडलेली कौशल्ये, म्हणजे पोळी लाटणे, पाढे म्हणणे, पेटी वाजवणे, त्याहूनही चिवट असतात.

हे सगळे मला पाठ होते. त्याचा अर्थ मात्र पुढच्या थांब्यावर उमगला.

खाणवस्तीत ईस्ट स्टॅन्ली या गावची जुनी शाळा आहे. लांब काळा झगा घातलेल्या बाई दारात उभ्या होत्या. आत लाकडी बाके. अप्पा खुर्चीतून उठले आणि कुणाचाही हात न धरता आत गेले. बाईंनी त्यांच्या हाती दगडी पाटी आणि लेखणी दिली. अप्पांनी पाटी उलटसुलट करून पाहिली, लेखणीचे टोक अंगठ्यावर तपासले आणि मला विचारले, “ओलं फडकं कुठं आहे?” मी माझा रुमाल भिजवून दिला. त्यांनी पाटी पुसली, वाळू दिली आणि वरच्या बाजूला मधोमध, वळणदार अक्षरात ‘श्री’ लिहिले.

त्याच आठवड्यात बँकेच्या कागदावर त्यांना सही जमली नव्हती.

मग ते बाकांकडे तोंड करून उभे राहिले आणि एकोणतिसाचा पाढा म्हणू लागले. कुठेही न अडखळता, दहापर्यंत. बाकावर दोन-तीन इंग्रज मुले बसली होती. तीही हाताची घडी घालून ऐकत राहिली. पाढा संपल्यावर बाईंनी माझ्यामार्फत विचारले, “यांच्या वर्गात किती मुले असत?”

“बावन्न,” अप्पा म्हणाले. “चार इयत्ता आणि एकच खोली. पावसाळ्यात गळायची. मग मुलांना मारुतीच्या देवळात न्यायचो.”

मी त्यांची मुलगी. मला हे ठाऊक नव्हते. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना शेकडो वेळा ‘शाळा संपली’ म्हणून सांगितले होते. ‘तुमच्या वर्गात किती मुले होती?’ असे एकदाही विचारले नव्हते.

बाईंचे वागणे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिले. काही संग्रहालयांत पोशाख केलेली माणसे आपण खरोखर त्याच शतकात असल्यासारखी बोलतात. बीमिशमध्ये तसा आग्रह नाही. बाईंचा पोशाख जुना. पण ‘आज कोणते वर्ष आहे?’ असे कुणी विचारले असते, तर त्यांनी खरे तेच सांगितले असते. त्यांनी अप्पांना फसवले नाही आणि चूकही काढली नाही. त्यांनी फक्त विचारले आणि ऐकले. रुग्णाशी खोटे बोलावे की सत्य सांगून त्याला दुखवावे, या पेचात मी दोन वर्षे अडकले होते. तिसरी वाट एवढी सोपी असेल, असे वाटले नव्हते.

आता माझी चूक सांगते. शाळेतील आनंदाने मी हुरळून गेले. जवळच कोळशाच्या खाणीचा खरा बोगदा आहे. शिरस्त्राण घालून, वाकून आत जावे लागते. अप्पा दमले होते, डोळे जड झाले होते. ही चिन्हे मी दुसऱ्याच्या रुग्णात ताबडतोब ओळखली असती. तरी ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून मी त्यांना नेले. अंधार सुरू होताच त्यांचे पाय थांबले. त्यांनी माझे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठले. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “बाई, तुम्ही कोण? मला घरी जायचंय.”

आम्ही तत्काळ मागे फिरलो. तो क्षण ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

समोर खाणकामगारांच्या घरांची ओळ होती. एका घरात चूल पेटलेली. चुलीशेजारी एक बाई जुन्या कपड्यांच्या चिंध्या गोणपाटात खोवून सतरंजी करत होत्या. त्यांनी काही न बोलता अप्पांपुढे खुर्ची सरकवली आणि सतरंजीचे एक टोक त्यांच्या मांडीवर ठेवले. अप्पा त्या चिंध्यांवरून हात फिरवत राहिले. पाच-दहा मिनिटांनी म्हणाले, “आईची गोधडी अशीच. माझ्या सदऱ्याचा तुकडा होता तिच्यात.” आणि मग मला, “तू जेवलीस का गं?”

परतताना १९५०च्या दशकाचा रस्ता लागला. तेथे वृद्ध खाणकामगारांसाठी बांधली जात तशी बैठी घरे आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्यांचे गट आणि त्यांचे काळजीवाहक यांच्यासाठी बीमिश ती वापरते. तेथे चहा करणे, जुन्या वस्तू हाताळणे, गप्पा मारणे एवढेच घडते.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा भेटीने आजार बरा होत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले की, वृद्धांचे भूतकाळात रमणे हे केवळ म्हातारचळ नसून आयुष्याचा हिशेब जुळवण्याची स्वाभाविक क्रिया आहे. त्यानंतर स्मरणरंजनाच्या उपचारावर पुष्कळ अभ्यास झाले. कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार त्याचे लाभ होतात, पण ते लहान आणि असमान असतात. तेव्हा औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. मात्र आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये एक मोलाची गोष्ट दाखवली : अल्झायमरच्या रुग्णांना चित्रफीत पाहिल्याचे आठवत नसले, तरी तिने जागवलेली भावना मागे उरते. सुखाची उरते, तशी दुःखाचीही. माझे रोजचे ‘शाळा संपली’ अप्पा विसरत असतील. त्याने आलेली उदासी विसरत नसतील.

दुसऱ्या दिवशी अप्पांना बीमिश आठवले नाही. न्याहारी मात्र त्यांनी पोटभर केली आणि भावाच्या मुलाला हाक मारून अक्षर काढून दाखव म्हणाले.

आपल्याला यासाठी इंग्लंड गाठायला नको. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय दिव्यांनी, अडकित्त्यांनी, घरगुती भांड्यांनी भरलेले आहे. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात गावगाडा पुतळ्यांतून उभा केला आहे. तेथे पुतळे बोलणार नाहीत. प्रश्न विचारणारे माणूस आपण व्हायचे. जाताना सकाळची वेळ निवडा. स्वच्छतागृह आणि बसण्याची जागा आधी पाहून ठेवा. दोनच गोष्टी नीट पाहा. जांभया, चिडचिड किंवा हात घट्ट धरणे दिसले की परत फिरा. माझ्यासारखा मोह धरू नका. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न टाळा, कारण ती परीक्षा होते. ‘हे कशाला वापरायचे?’ असे विचारा. कधी एखादी दुखरी आठवण वर येईल. तेव्हा विषय बदलण्याची घाई न करता शेजारी बसून राहा.

जाणे शक्य नसेल तर घरीच एक पेटी करा. पाटी, अडकित्ता, जुना कंदील, लुगड्याचा तुकडा, शिकेकाईची पूड, जे त्या माणसाच्या हाताचे आणि नाकाचे असेल ते तीत ठेवा. निवड त्यांच्या आयुष्यातून करावी, आपल्या आवडीतून नव्हे.

आमच्या घरी आता दिवेलागणीला पाटी निघते. अप्पा छत्री घेऊन दारात आले की मी विचारते, “आज कोणता धडा घ्यायचा?” ते थोडा विचार करतात. कधी सांगतात, कधी नुसतेच खुर्चीत बसतात आणि पाटी मागतात. प्रत्येक संध्याकाळ गोड जाते असे नाही. परवा त्यांनी पाटी भिरकावली. काल मात्र ती पुसून, वाळवून त्यांनी ‘श्री’ लिहिले आणि माझ्या हाती देत म्हणाले, “गिरव.” मी गिरवले.