लॅपटॉप कुणाचा, गाणं कुणाचं?



14 एप्रिल जवळ आला की कळव्यापासून उल्हासनगरपर्यंतच्या गायन पार्ट्यांत एकच विचारणा सुरू होते : गाणं घरीच रेकॉर्ड करायचंय, लॅपटॉप कोणता घ्यावा? वामनदादा कर्डकांच्या पिढीकडे वही होती आणि गळा होता. प्रल्हाद शिंदेंचा आवाज कॅसेटने घराघरांत नेला, पण कॅसेट काढणारी कंपनी दुसऱ्याची होती. आज ते यंत्र हप्त्यावर आपल्या वस्तीत येऊ शकतं. म्हणून या खरेदीला आम्ही हौस म्हणत नाही.

दुकानदार आधी गेमिंग लॅपटॉप पुढे करतो. रंगीत दिवे, मोठं ग्राफिक्स कार्ड. गाण्याला त्या कार्डाचा जवळजवळ उपयोग नाही. त्या पैशात माइक आणि ऑडिओ इंटरफेस येतो. खरं काम प्रोसेसरचं. 48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पलचा बफर ठेवला, तर आवाजाचा प्रत्येक तुकडा पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावा लागतो. उशीर झाला की हेडफोनमध्ये कडकड सुरू, आणि गायकाचा ताल गेला. एका ट्रॅकवरची प्लगिनची साखळी बहुधा एकाच कोअरवर चालते, त्यामुळे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान, हे आधी विचारा. रॅम 16 जीबी हवीच. ढोलकी, हार्मोनियम, व्हायोलिन यांची सॅम्पल्स एकदम उघडली की 8 जीबीचं मशीन मान टाकतं. रॅम नंतर वाढवता येते का, हेही विचारा. मॅकबुक एअर एम-1 ला पंखा नाही, दहा बाय दहाच्या खोलीत माइकजवळ ही मोठी सोय. पण त्याची रॅम कधीच वाढत नाही. जुन्या चाळीत सॉकेटला अर्थिंग नसेल तर चार्जर लावताच गुणगुण येऊ शकते. आधी वायरमनला बोलवा, मग लॅपटॉपला शिव्या द्या!

आता थोडं कडू. आपल्यातले बरेच जण प्लगिन चोरून वापरतात. आपलं गाणं कुणी नाव न घेता वाजवलं की आपणच बोंब मारतो ना? रीपरचा सवलतीचा परवाना 60 डॉलरचा आहे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या प्लगिनवर गाणं पूर्ण होतं.

मुद्दा मालकीचा आहे. आम्ही एका स्टुडिओत तासाचे पैसे मोजून गाणं केलं. हातात फक्त एमपी-3 आली. पुढच्या वर्षी एक कडवं बदलायचं होतं, तर वेगवेगळे ट्रॅक पुसले गेल्याचं कळलं. कोरसला आलेल्या बायांनी कामावर खाडा करून दिलेला आवाज गेला तो गेलाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तो गायक असेलच असं नाही. तेव्हा लॅपटॉप वर्गणीतून घेतला असेल तर बिल पार्टीच्या नावाने करा. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, निर्माता कोण, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर घ्या, सह्यांसकट. ट्रॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक कल्याणात, दुसरी ठाण्यात कुणाच्या तरी कपाटात. एका पावसात दोन्ही भिजायला नकोत.